जुन्या अकूस्टिक गिटारची मोडलेली नेक बदलताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी १९७०च्या दशकात मुंबईत एका वादकाकडून घेतलेली, शिकागोच्या हार्मनी कंपनीची अकूस्टिक गिटार काही वर्षांपूर्वी भिंतीवरून पडली आणि नेक, म्हणजे गिटारची दांडी, जिथे बॉडीला मिळते त्या टाचेला उभी चीर गेली. ओळखीच्या सुताराने टाचेतून एक लांब स्क्रू मारला आणि चिरेत इपॉक्सी भरले. गिटार पुन्हा वाजू लागली, परंतु दोन पावसाळ्यांत नेक पिळली गेली, बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) तारांची उंची सहा मिलिमीटरपर्यंत पोहोचली आणि आता ती चीर पुन्हा उघडली आहे. तयार नेक मागवून बसवावी, मिरजेच्या एखाद्या सतार कारागिराकडून नवी घडवून घ्यावी, की हे काम स्वतः करून पाहावे, असे तुम्ही विचारले आहे. मी कोल्हापुरात सव्वीस वर्षे तंतुवाद्यांची दुरुस्ती करतो आणि त्याआधी चार वर्षे मिरजेत सतारीच्या कामावर होतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला जवळून माहीत आहेत.

उत्तराचा गाभा आधी सांगतो, कारण पुढची सगळी मापे त्यावरच उभी आहेत. नवी नेक ही जुन्या नेकची नक्कल करून चालत नाही; ती आज तुमच्या समोर असलेल्या बॉडीसाठी घडवावी लागते. पोलादी तारांचा संच सुरात लावला की नेक आणि ब्रिज (बॉडीवरची तारा अडकवण्याची लाकडी पट्टी) यांच्यामध्ये साधारण सत्तर किलोचा ताण सतत राहतो. पन्नास-साठ वर्षे हा ताण सोसलेल्या बॉडीचा टॉप, म्हणजे वरची फळी, ब्रिजच्या मागे फुगतो, साउंडहोलच्या (मधल्या गोल भोकाच्या) आसपास किंचित खचतो आणि नेक धरून ठेवणारा आतला ठोकळा केसभर पुढे झुकतो. कारखान्यातून निघाली तेव्हाची बॉडी आणि आजची बॉडी यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडलेला असतो. मी हे काम स्वतंत्रपणे करू लागलो तेव्हा एका गिटारची जुनी नेक मी इतक्या निष्ठेने उतरवली होती, की टाचेचा कोन अंशाच्या भागापर्यंत जुळत होता. तारा चढवल्यावर बाराव्या फ्रेटवरची उंची चार मिलिमीटरच्या वर गेली आणि घट्ट बसवलेला सांधा मला पुन्हा वाफेने सोडवावा लागला. नेक उत्तम होती, पण ती १९६०च्या दशकातल्या बॉडीसाठी होती.

आता नेक खरोखर बदलावी का, हे पाहू. माझ्याकडे नेक बदलण्यासाठी येणाऱ्या गिटारपैकी बहुतेकांची नेक बदलावी लागत नाही. हेडस्टॉक (खुंट्या असलेले नेकचे टोक) नटच्या, म्हणजे तिथल्या तारा टेकणाऱ्या आडव्या पट्टीच्या, मागे मोडणे हा सर्वांत भीतिदायक दिसणारा अपघात आहे, पण तो ताजा असेल आणि दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ असतील, तर गरम सरसाने जोडलेला सांधा पुढची कित्येक वर्षे टिकतो. नेक थोडी पुढे वाकली असेल, तर ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, कसता येणाऱ्या धातूच्या कांडीने) किंवा फ्रेट काढून फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली नेकवरची लाकडी पट्टी, रंधून ती सरळ करता येते. पिळाचे मात्र वेगळे आहे. दोन सरळ, समान रुंदीच्या लाकडी पट्ट्या घ्या, एक नटजवळ आणि दुसरी बाराव्या फ्रेटवर आडवी ठेवा आणि हेडस्टॉककडून एका डोळ्याने पाहा. पुढच्या पट्टीची वरची कड मागच्या पट्टीच्या कडेशी समांतर दिसली पाहिजे. फ्रेटबोर्डाच्या रुंदीत पिळाचा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल, तर तो फ्रेटबोर्ड रंधून काढता येतो. एक मिलिमीटरच्या पुढे गेला, की फ्रेटबोर्डाची एक बाजू धोकादायक पातळ होते.

तुम्ही पाठवलेल्या वर्णनात तीन दोष एकत्र आले आहेत. पीळ आहे, टाच फाटलेली आहे आणि त्या फाटीत इपॉक्सी शिरलेले आहे. यांपैकी एकच दोष असता तर मी जुनीच नेक वाचवली असती. इपॉक्सी लाकडाच्या तंतूंत शिरून कडक होते आणि सरसासारखे पाण्याने सुटत नाही. ते खरवडून काढेपर्यंत मूळ फाटीचे पृष्ठभाग नष्ट होतात आणि दोन तुकडे एकमेकांत बसेनासे होतात. त्यात स्क्रूने डव्हटेलच्या (शेपटीसारख्या रुंदावणाऱ्या सांध्याच्या) कुसवाला, म्हणजे बॉडीच्या खाचेत शिरणाऱ्या जिभेला, मधोमध पाचरीसारखे फाडले असण्याची शक्यता फार मोठी आहे. सुताराचा हेतू वाईट नव्हता. दाराच्या चौकटीला हा उपाय चालतो, कारण तिथे सांधा पुन्हा सोडवण्याची वेळ येत नाही. तुमच्या बाबतीत नेक बदलावी, असेच माझे मत आहे. मात्र तिच्यावरचा फ्रेटबोर्ड वाचवावा. तो का, हे पुढे येईलच.

नेक उतरवण्याआधी बॉडीची तपासणी करा, कारण बॉडी ढासळलेली असेल तर कोणतीही नेक तिला सावरू शकत नाही. साउंडहोलमधून छोटा आरसा आणि दिवा आत घालून नेकखालच्या ठोकळ्याला चीर गेली आहे का, ठोकळा आणि टॉप यांच्यामध्ये फट आहे का, हे पाहा. कागदाचा तुकडा जिथे शिरतो, तिथे सांधा सुटलेला आहे असे समजावे. हार्मनीच्या बहुतेक सपाट टॉपच्या गिटारमध्ये आतल्या आधारपट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असतात. ही रचना आवाजाला एक मोकळा, कोरडा ठसका देते आणि ब्लूज वाजवणाऱ्यांना तो फार आवडतो, पण ब्रिजच्या मागचा फुगवटा रोखण्यात ती मार्टिन कंपनीच्या फुलीसारख्या रचनेपेक्षा कमी पडते. म्हणून प्रत्येक पट्टीवर बोटाने हलकेच टिचकी मारून खुळखुळ ऐकू येते का, हे तपासा. सुटलेल्या पट्ट्या आधी चिकटवाव्यात आणि ब्रिज उचललेला असेल तर तोही आधी बसवावा, कारण नेकचा कोन या सगळ्या दुरुस्त्या झालेल्या बॉडीवर मोजायचा आहे. हा क्रम उलटा केल्यामुळे दोनदा काम करावे लागलेल्या गिटार मी पाहिल्या आहेत.

मापे तारा सुरात असताना घ्यावीत. चीर उघडली असल्यामुळे पूर्ण ताण देऊ नका. दोन सूर खाली उतरवून लावा आणि नोंदी घेताच तारा सैल करा. नटपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचे अंतर तुम्ही ३२०.५ मिलिमीटर कळवले आहे, म्हणजे या गिटारची स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६४१ मिलिमीटर, सुमारे सव्वापंचवीस इंच आहे. याशिवाय नटची रुंदी, पहिल्या आणि नवव्या फ्रेटजवळची नेकची जाडी, चौदाव्या फ्रेटजवळची रुंदी, टाचेची उंची आणि ब्रिजची लाकडी उंची या नोंदी लागतील. नेकच्या पाठीचा आकार जाड पुठ्ठा कापून दोन-तीन ठिकाणी उतरवून घ्या. हे माप आकड्यांत सापडत नाही, पण वडिलांच्या हाताला सवयीची असलेली पकड त्यातच आहे आणि तीच बदलली तर गिटार परकी वाटू लागते.

तयार नेकविषयी. परदेशातून मागवता येणाऱ्या डव्हटेलच्या अर्धवट तयार नेक मुख्यतः मार्टिनच्या ठरावीक मापाच्या असतात आणि त्यांची स्केल ६४५ मिलिमीटर असते. चार मिलिमीटरने काय बिघडते, असे वाटेल. नेक बॉडीला मिळते त्या चौदाव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंतचे (ब्रिजवरच्या, तारा टेकणाऱ्या पातळ पट्टीपर्यंतचे) अंतर तुमच्या गिटारवर साधारण २८५.५ मिलिमीटर आहे. ६४५च्या नेकला ते सुमारे २८७.३ लागते. ब्रिज जागेवरून न हलवता ती नेक बसवली, तर बाराव्या फ्रेटवरचा सूर सुमारे पाच सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग केल्यास त्यांतले पाच) चढा लागेल. सॅडलची धार मागे घेऊन ही चूक काही प्रमाणात भरता येते, हे खरे आहे. परंतु तेवढ्यासाठी सॅडलची सगळी जागा खर्च होते आणि जाड तारांना जी अधिकची भरपाई द्यावी लागते तिला जागाच उरत नाही. शिवाय तयार नेकचा कुसू तुमच्या खाचेत बसणार नाही तो नाहीच, कारण जुन्या कारखान्यांत एकाच दिवशी बनलेल्या दोन बॉडींच्या खाचाही हाताने बसवलेल्या, म्हणून वेगवेगळ्या असत. एखाद्या भंगलेल्या हार्मनीची त्याच मॉडेलची नेक मिळाली, तर तो पर्याय विचार करण्याजोगा आहे; त्या नेकलाही नव्याने कोन द्यावा लागेल, हे धरूनच चला.

जुनी नेक सोडवण्याचे काम हा सगळ्यांत नाजूक भाग आहे आणि स्वतः करण्याविषयीचे माझे उत्तर इथेच ठरते. आधी स्क्रू काढायचा. इपॉक्सीत रुतलेला स्क्रू जोर लावून फिरवला तर डोके तुटते, म्हणून सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटे धरून ठेवावे. उष्णता धातूतून खाली जाते, इपॉक्सी मऊ पडते आणि स्क्रू हळूहळू वळू लागतो. त्यानंतर टाच आणि बॉडी यांच्या सीमेवरची पॉलिशची थर धारदार पातीने कापून घ्यावी, नाहीतर नेक निघताना ती पापुद्र्यांनी उखडते. बॉडीवर चढलेला फ्रेटबोर्डाचा भाग इस्त्रीने किंवा रबरी तापपट्टीने गरम करून, त्याखाली पातळ बोथट पाते सरकवत सोडवायचा. फ्रेटबोर्डातले पांढरे ठिपके जुन्या सेल्युलॉइडचे असू शकतात आणि सेल्युलॉइड पेट घेते, म्हणून इस्त्री थेट लाकडाला लावू नये. मध्ये ओलसर फडक्याची घडी असावी आणि शेजारी पाण्याचे भांडे असावे.

मग पंधरावा फ्रेट काढून त्याच्या खाचेतून अडीच मिलिमीटरची दोन छिद्रे सरळ खाली, कुसवाच्या टोकापुढच्या पोकळीपर्यंत पाडायची आणि त्यांतून वाफ सोडायची. आमच्याकडे बरेच जण प्रेशर कुकरच्या तोंडाला सिलिकॉनची नळी आणि तिच्या टोकाला फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई लावून हे काम करतात. चालते, मात्र कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कोणत्याही कारणाने झाकू नका आणि नळी घट्ट बांधून टाकू नका, ती जास्त दाबाला निसटून जाईल इतकीच बसवा. सरस उष्णता आणि ओलावा मिळाला की साधारण साठ अंशांपासून सैल पडू लागतो. पाच ते आठ मिनिटांत टाच हलली पाहिजे. ती हलली नाही, तर वाफ वाढवण्याऐवजी थांबा, लाकूड थंड होऊ द्या आणि छिद्र पोकळीला मिळाले आहे का ते पाहा. जास्त वाफेने आतला ठोकळा, टॉप आणि बाजूंच्या पट्ट्याही सुटतात आणि पॉलिश पांढुरके पडते. पूर्वी कधी लाकूडकाम केलेले नसेल, तर हा टप्पा वडिलांच्या गिटारवर पहिल्यांदा करू नका. बाकीची पुष्कळ कामे तुम्ही स्वतः करू शकता, आणि ती कुठली हे मी सांगत जाईन.

नेक निघाली, की बॉडी किमान दोन आठवडे सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या. आपल्याकडे या कामाला ऋतू पाहावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांवर राहते आणि अशा हवेत लाकूड पाणी शोषून रुंदीने फुगते. त्या दिवसांत घट्ट बसवलेला सांधा मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी सैल होतो. गिटारचे लाकूड पंचेचाळीस ते पन्नास टक्के आर्द्रतेला सर्वांत निर्धास्त असते. आपल्या हवेत त्याच्या सर्वांत जवळ जाणारे दिवस दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे असतात. नेक सोडवणे, लाकूड निवडणे, कच्चा आकार देणे ही कामे कधीही करा. सांधा अंतिमतः बसवणे आणि चिकटवणे हिवाळ्यासाठी ठेवा. मी माझ्या कामाच्या खोलीत साधे आर्द्रतामापक यंत्र भिंतीवर लावले आहे आणि साठच्या वर काटा असेल त्या दिवशी सरसाचे भांडे तापवत नाही.

नेकसाठी लाकूड कोणते, हा प्रश्न मिरजेशी जोडलेला आहे. मूळ नेक बहुधा महोगनीची असेल. कोल्हापुरात चांगले महोगनी मिळणे अवघड असते, आणि लोक आपल्या सवयीने सागवान सुचवतात. सागवान टिकाऊ आहे यात शंका नाही, पण ते महोगनीपेक्षा जड आहे, त्यामुळे गिटार हेडस्टॉककडे झुकते. त्यातल्या तेलामुळे सरस नीट धरत नाही आणि त्यातली वाळूसारखी खर हत्यारांची धार खाते. मिरजेचे कारागीर सतार आणि तंबोऱ्याच्या दांडीसाठी पिढ्यान्‌पिढ्या तुणाचे लाकूड वापरत आले आहेत. तून हे महोगनीच्याच कुळातले झाड आहे. रंग, रेषा आणि रंध्याखालची वागणूक यांत ते त्याच्या जवळचे वाटते, फक्त वजनाने हलके आणि थोडे मऊ असते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा अनेकांना त्या गावाची ओळख नव्याने झाली. आमच्यासारख्यांना मात्र चांगले मुरलेले लाकूड कुठे मिळते, याचे उत्तर कायमच मिरजेची सतारमेकर गल्ली होते.

म्हणून माझा सल्ला असा, की मिरजेहून लाकूड आणा, पण सतार कारागिराला गिटारची नेक करायला सांगताना त्याच्यासमोर प्रश्न नीट मांडा. त्याच्या हाताची सफाई माझ्यापेक्षा वरची असेल. परंतु सतारीची दांडी पोकळ असते, तिचे पडदे सरकवता येतात आणि सूर वादक स्वतः जुळवतो. गिटारचा फ्रेट एकदा ठोकला की ठोकला. त्यामुळे कोन आणि स्केल यांची जबाबदारी तुम्ही किंवा गिटार जाणणाऱ्या माणसाने घ्यावी आणि घडणावळ कारागिराने करावी, ही वाटणी मी स्वतः यशस्वीपणे केलेली आहे. लाकडाचा तुकडा निवडताना टोकाकडून पाहा: वर्षवलयांच्या रेषा फ्रेटबोर्डाला शक्यतो काटकोनात उभ्या असाव्यात आणि लांबीत तिरक्या पळत नसाव्यात. गाठ नको. निदान दोन पावसाळे घरात काढलेला तुकडा घ्या. तुणाचा मऊपणा भरून काढण्यासाठी मी मधोमध पाच-सहा मिलिमीटरची शिसवीची पट्टी घालून तीन भागांची नेक जोडतो आणि बाजूच्या दोन तुकड्यांच्या रेषा एकमेकांच्या उलट फिरवून ठेवतो, म्हणजे एकाला पीळ घ्यावासा वाटला तर दुसरा त्याला अडवतो. हेडस्टॉक अखंड लाकडातून न कापता तिरका सांधा देऊन जोडावा. अखंड तुकड्यात नटच्या मागे लाकडाचे तंतू तोकडे पडतात आणि जुन्या गिटार बरोबर तिथेच मोडतात.

आत दोन्ही दिशांना वळणारा ट्रस रॉड घाला. मूळ रचना वेगळी असेल, पण नव्या लाकडाच्या नेकला पहिल्या एक-दोन वर्षांत सावरायला असा आधार हवा. रॉड हातात आल्याशिवाय त्याची खाच कापू नका. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या रॉडची रुंदी-खोली वेगवेगळी भरते आणि सैल खाचेतला रॉड ठराविक सुरांवर खुळखुळतो.

फ्रेटबोर्ड जुनाच वापरावा, असे मी वर म्हटले. त्याचे कारण भावनेचेही आहे, कारण त्या शिसवी लाकडावर वडिलांच्या बोटांनी पडलेले खोलगट डाग आहेत. पण व्यावहारिक कारण अधिक वजनदार आहे. मूळ फ्रेटबोर्डाबरोबर मूळ स्केल, मूळ रुंदी आणि मूळ निमुळतेपणा आपोआप येतो आणि ब्रिज हलवावा लागत नाही. तो इस्त्रीच्या उष्णतेने सावकाश सोडवा, दोन सपाट फळ्यांत दाबून आठवडाभर ठेवा आणि खालची बाजू काचेवर चिकटवलेल्या सँडपेपरवर सपाट करा. तो तुटलाच, तर नव्या फ्रेटबोर्डाच्या खाचा उरलेले अंतर १७.८१७ ने भागत जाऊन मिळतात. तुमच्या स्केलला पहिला फ्रेट नटपासून ३५.९८ मिलिमीटरवर येतो. नंतर उरलेल्या ६०५.०२ ला पुन्हा १७.८१७ ने भागायचे, असे पुढे. प्रत्येक अंतर मागच्या फ्रेटपासून न मोजता नटपासूनच मांडावे, नाहीतर पेन्सिलच्या रेघेची जाडी वीस वेळा साठत जाते.

आता कोन. ज्यावर गिटारचे वाजणे अवलंबून आहे ते काम हेच, म्हणून इथे घाई करू नका. फ्रेटवर सरळ पट्टी ठेवून ती ब्रिजकडे वाढवली, की पट्टीची खालची कड ब्रिजच्या लाकडी माथ्याला अलगद टेकली पाहिजे. मग सॅडल तीन-चार मिलिमीटर वर राहतो आणि बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सुमारे २.४ व बारीक तारेखाली १.८ मिलिमीटर उंची मिळते. मी यासाठी शिवाजी उद्यमनगरातील एका मशीनशॉपमधून सरफेस ग्राइंडिंग करून घेतलेली पोलादी पट्टी वापरतो. स्टेशनरीच्या दुकानातली पट्टी सरळ दिसते, पण अर्ध्या मीटरमध्ये ती अर्धा मिलिमीटर सहज खोटे बोलते. समजा पट्टी ब्रिजच्या माथ्यापासून तीन मिलिमीटर खाली आदळते आहे. टाचेची उंची ८५ मिलिमीटर आणि चौदाव्या फ्रेटपासून सॅडलचे अंतर २८५ मिलिमीटर धरले, तर टाचेच्या अगदी तळाशी काढायचे लाकूड म्हणजे तीन गुणिले ८५ भागिले २८५, साधारण ०.९ मिलिमीटर. वरच्या कडेला शून्य, तळाला ०.९ अशी ती निमुळती पाचर आहे. एवढ्याशा लाकडावर सगळे अवलंबून असते. पटाशीचा एक जादा फटका बाराव्या फ्रेटवर दिसतो.

नवी नेक करताना कुसू खाचेपेक्षा अर्धा मिलिमीटर जाड ठेवा. मग खाचेच्या दोन्ही गालांना शाळेतला खडू घासा, नेक हाताने दाबून बसवा, काढा आणि कुसवावर जिथे खडू उमटला तेवढेच लाकूड धारदार पटाशीने किंवा स्क्रेपरने केसभर खरवडा. हे तीस वेळा, चाळीस वेळा करावे लागते. प्रत्येक फेरीला तीन गोष्टी तपासा: नटच्या मधोमध बांधलेला दोरा ब्रिजच्या मधोमध येतो का, पट्टी ब्रिजच्या माथ्यावर कुठे टेकते, आणि टाचेची कड बॉडीला दोन्ही बाजूंनी सारखी मिळते का. शेवटच्या फटीसाठी टाच आणि बॉडी यांच्यामध्ये दीडशे नंबरच्या सँडपेपरची चिंधी, खरखरीत बाजू टाचेकडे ठेवून, खाली ओढत काढावी. टाच बॉडीच्या वळणाला आपोआप मिळत जाते. नेक सरसाशिवाय नुसती दाबून बसवल्यावर, नेक धरून गिटार उचलली तरी सांधा हलता कामा नये. जोवर असे होत नाही, तोवर सरसाला हात लावायचा नाही. मिरजेत माझे गुरू सांगत, सरस हा सांध्याचा साक्षीदार आहे, मालक नाही. आणि डव्हटेलच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. हे खडूचे काम तुम्ही स्वतः करू शकता. त्याला यंत्र लागत नाही, धार आणि संयम लागतो.

स्क्रूने आतला ठोकळाही फोडला असेल, तर डव्हटेलचा हट्ट सोडावा. खाच चौकोनी करून, शिसवीने भरून, सरळ कुसू आणि आतून कसलेले सहा मिलिमीटरचे दोन बोल्ट अशी रचना करणे अधिक विश्वासाचे ठरते. पुढे कोन पुन्हा द्यावा लागला तर वाफेचीही गरज पडत नाही. दुर्मीळ, मोठ्या किमतीच्या गिटारवर मी हा बदल करणार नाही. पण हार्मनीने विसाव्या शतकाच्या मध्यावर लाखोंच्या संख्येने गिटार बनवल्या. तुमच्या गिटारची किंमत ती वाजण्यात आणि ती वडिलांची असण्यात आहे.

चिकटवताना गरम सरसच वापरा. पांढरा गोंद सततच्या ताणाखाली आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या उष्णतेत सरकतो, आणि इपॉक्सीचा अनुभव तुम्ही घेतलेलाच आहे. सांध्याचे दोन्ही भाग दिव्याखाली कोमट करून घ्या, कारण थंड लाकडावर सरस मिनिटाभरात गोठतो. नेक मागे झुकवल्यामुळे फ्रेटबोर्डाचा बॉडीवरचा भाग किंचित अधांतरी राहील. त्याखाली कागदाइतक्या जाडीपासून सुरू होणारी लाकडी पाचर भरा. ती न भरता शिकंजाने दाबून चिकटवले, तर चौदाव्या फ्रेटवर उंचवटा आणि पुढे उतार तयार होतो, आणि मग फ्रेट कितीही घासले तरी तिथले सूर झिणझिणत राहतात. पॉलिशसाठी चपड्याचे हाताने दिलेले स्पिरिट पॉलिश पुरेसे आहे. नेकच्या पाठीला ते पातळच द्या.

दोन दिवस शिकंजात ठेवून मग फ्रेट समतल करा आणि हलक्या, ११ नंबरपासून सुरू होणाऱ्या तारा चढवा. पहिल्या दिवशी दोन सूर खाली, चौथ्या दिवशी पूर्ण सुरात. सातव्या फ्रेटवर नेकचा खोलगटपणा ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर राहील असा ट्रस रॉड जुळवा. आधी रॉड, मग सॅडल, हा क्रम मोडू नका. बाराव्या फ्रेटवरची उंची एक मिलिमीटरने कमी करायची असेल तर सॅडल दोन मिलिमीटर घासावा लागतो, म्हणून आरंभी सॅडल उंचच ठेवा. पुढच्या जूनच्या आधी एकदा आणि गणपती उठल्यावर एकदा, अशी दोन मापे वहीत लिहा. दोन्हींत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसेल, तर सॅडल अंतिम उंचीला घासून घ्या.

जुनी नेक टाकून देऊ नका. हेडस्टॉकवरचे नाव नव्या नेकवर हलवावे असे तुम्हाला वाटेल, आणि घरात राहणाऱ्या गिटारसाठी माझी त्याला हरकत नाही. मात्र नेक नवी आहे, कोणत्या लाकडाची आहे आणि कधी बसवली, हे पेन्सिलने आतल्या ठोकळ्यावर लिहून ठेवा. जुनी नेक, स्क्रू आणि पुठ्ठ्याचे नमुने एका कापडी पिशवीत गिटारच्या पेटीतच ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर हा सांधा जो कोणी उघडेल त्याला मोजायला काहीतरी हाताशी राहील.